जुम्म्याची साखर

चाची, तुम्हाला नेलं तेव्हा आम्ही बायका दाराशीच थांबलो. पुरुष माणसं कलमा म्हणत गंगेच्या अंगाने खाली उतरली, वळणावर दिसेनाशी झाली, आणि अंगणात एकदम कुणालाच काही काम उरलं नाही. तुमच्या बहिणीने मला जवळ घेतलं. मला रडू येत नव्हतं. माझं काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं, म्हणून मी आपली मागल्या दाराने बागेत गेले. विहिरीकडच्या ओळीत पहिल्याच झाडाच्या कोवळ्या शेंड्यावर मला मावा दिसला. ती हिरवी, बारीक कीड कळीच्या मानेभोवती दाटीवाटीने बसलेली. मी मागे वळून ओरडले, "चाची, आला हो!"

मग रडू आलं.

तुमचा जन्म कुठला, माहेर कुठलं, किती लेकरं झाली नि किती राहिली, हे करीमभाई सांगतील, तुमची बहीण सांगेल. मला त्यातलं फारसं ठाऊक नाही. मी चौथीतून शाळा सोडलेली बाई. आई गेली, धाकटी भावंडं होती, पाटी कोनाड्यात गेली ती गेलीच. एवढं लांबलचक लिहायची मला सवय नाही. पण ज्या गोष्टी तुम्ही नि मी दोघींनीच पाहिल्या, त्या आता मी एकटीच सांगू शकते. आणि आपलं एक भांडण अर्धंच राहिलंय. ते असं सोडवत नाही.

आमच्या ह्यांना इथल्या छापखान्यात खिळे जुळवायचं काम लागलं म्हणून आम्ही नाशकात आलो. मालवणकडून बोटीने मुंबई, मुंबईहून आगगाडी, स्टेशनावरून टांगा. समुद्र मागे पडला आणि कितीतरी महिने मी घराबाहेर पडले नाही. हे कामावर गेले की मी दाराला आतून कडी घालून बसत असे. भाजीवाल्याची आरोळी कळत नसे. इथे गोदावरीला गंगाच म्हणतात हेही ठाऊक नव्हतं. पाणी किती वाजता भरायचं, कुणाला काय म्हणून हाक मारायची, सगळ्याची धास्ती. आमच्या खोलीच्या मागे तुमच्या बागेची बुटकी भिंत होती आणि सकाळी तिच्यावरून गुलाबाचा वास यायचा. एका दुपारी धीर करून मी टाचा उंचावून पलीकडे बघितलं, तर तुम्ही समोरच खुरपं घेऊन उभ्या.

"काय गं, चोरी करायची हाय? मग सकाळी येत जा. दुपारची फुलं मरगळतात."

मी घाबरून खाली बसले. तुम्ही भिंतीपाशी येऊन वरून वाकून बघितलं.

"बसलीस का? ऊठ. कुठची तू?"

"मालवणकडची."

"ते कुठं आलं?"

"समुद्राकाठी."

"या अल्ला," तुम्ही म्हणालात, "एवढ्या लांबून माझी फुलं चोरायला?"

त्या दिवसापासून मी तुमची दर्यावाली झाले. माझं खरं नाव तुम्हाला ठाऊक होतं की नाही, ह्याची मला आजही शंका आहे.

काम तुम्ही दिलंत ते असंच, न विचारता. तुम्ही सुईदोऱ्याने हार ओवायच्या. दुसऱ्या दिवसापर्यंत गुलाबाच्या पाकळ्या सुईच्या भोकापाशी काळ्या पडायच्या. आमच्याकडे वेण्या करतात तसं मी केळीच्या खोडाचं सोपट भिजवून त्याच्या धाग्याने देठाशी गाठ मारत एक हार करून दाखवला. तुम्ही तो हातात घेतला, ओढून बघितला, हुंगला आणि एवढंच म्हणालात, "उद्या लवकर ये." माझ्यासाठी पाण्याची वेगळी घागर ठेवलीत आणि त्यावरून एक शब्द कधी बोलला नाहीत. पुढे मी तुमच्याच घागरीतलं पाणी घ्यायला लागले, त्यावरूनही बोलला नाहीत. ह्या दोन्ही न बोलण्यांबद्दल मी तुमची किती ऋणी आहे ते मला नीट सांगता येत नाही.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मावा आला तेव्हा तुम्ही नेहमीचंच केलंत. मोठ्या डेगचीत तंबाखूच्या काड्या उकळल्या, गाळल्या, साबण घातला आणि कडुनिंबाच्या डहाळीने ते पाणी झाडाझाडावर मारलं. मावा मेला. शिवरात्र जवळ होती. गंगेकाठच्या एका महादेवाच्या देवळाला वर्षानुवर्षं तुमची फुलं जायची. त्या देवळाचे गुरव दामूअण्णा पाट्या परत घेऊन स्वतः आले.

"चाची, महादेव सगळं चालवून घेतो. गांजासुद्धा. पण मला दिवसभर गाभाऱ्यात बसायचंय. हे हार आहेत की पानपट्टी?"

तुम्ही त्यांच्यासमोर हसलात. ते गेल्यावर पाटीतली फुलं दोन्ही हातांनी उपसून बकरीपुढे टाकलीत. बकरीनेही तोंड फिरवलं.

करीमभाई तुमच्या दिराचा मुलगा, विंचूरला त्यांचा कांद्याचा व्यापार. जमीन आता त्यांच्या नावावर होती. बातमी कळली तसे ते येवल्याच्या सर्व्हिस मोटारीने आले. बागेतून चक्कर मारली, ओट्यावर बसले, चहा प्यायले.

"चाची, कांदा वास येतोय म्हणून कुणी परत करत नाय."

"मग महादेवाला कांद्याचा हार घालू?"

"मस्करी नाय करत मी. आणखी एक शिवरात्र बघतो. पुन्हा फुलं परत आली तर गुलाब काढतो, कांदा करतो. तुला माझ्या घरी काय कमी पडणार नाय."

तुम्हाला काही कमी पडणार नव्हतं, हे खरंच. पण तुम्ही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकाच झाडाला आळं करत बसलात. सगळी बाग चाचांनी, तुमच्या गेलेल्या नवऱ्याने, लावलेली. आणि माझं काय? माझ्याकडे त्या अख्ख्या गावात बसायला एवढी एकच जागा होती. ती गेली की मी पुन्हा कडी लावून बसणार होते.

घाबरट माणसाला सगळीकडे बारीक बघायची खोड असते. तुमच्या बकरीसाठी मी गणपत टांगेवाल्याच्या वाफ्यातून लसूणघास आणायची. त्याने तो घोड्यासाठी लावलेला होता. एका सकाळी घासाच्या शेंड्यावर मावा दिसला. पण त्याच शेंड्यावर मसुराच्या डाळीएवढा एक लालसर किडा बसला होता, पाठीवर काळ्या खुणांचा. मी बघत राहिले. आपण शेंगा फोडून खाव्यात तसा तो एकेक मावा खात होता. पुढच्या शेंड्यावर तसाच दुसरा. अख्ख्या वाफ्यात ते होते आणि गणपतचा घास कसा हिरवागार.

मी धावत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तुला रिकामपण लय झालंय." पण दुसऱ्या हिवाळ्यात मावा दिसला तेव्हा तंबाखूची पुडी हातात घेऊन तुम्ही बराच वेळ चुलीपुढे बसलात. मग ती फडताळात परत ठेवलीत.

"आण तुझ्या त्या बुंदकीवाल्या. आण. बघू तरी."

आपण दोघी टोपली नि मलमलीचं फडकं घेऊन गणपतच्या वाफ्यात गेलो. घास टोपलीवर हलवायचा, किडे आत पडले की फडकं ओढायचं. गणपत टांग्यावर बसून तंबाखू मळत बघत होता. "चाची, माझ्या घोड्याचं खाणं हाय ते!" "तुझ्या घोड्याला किडे आवडत असतील तर सांग, ठेवते थोडे." भरदुपारी टोपली घेऊन आपण बागेत आलो आणि मी मोठ्या आशेने फडकं काढलं. किड्यांनी पाठीवरची टरफलं उघडली, खालचे पंख पसरले आणि बघता बघता सगळेच्या सगळे भिंतीवरून गणपतच्या दिशेने उडून गेले.

"गेली तुझी पलटण," तुम्ही कपाळावर हात ठेवून म्हणालात, "पेन्शन घेऊन."

माझे डोळे भरून आले होते. ते तुम्ही बघितलं की नाही कोण जाणे. थोड्या वेळाने तुम्ही आपल्याच तंद्रीत बोललात, "माझा भाऊ कबुतरं पाळायचा. नवं कबुतर दुपारचं सोडलं की ते सरळ जुन्या घरी जातंय. दिवस मावळताना सोडायचं. अंगावर पाणी मारायचं. समोर दाणे. मग राहतंय." ही अक्कल तुमची होती, चाची. नंतर तुम्ही सगळ्यांना दर्यावालीने किडे आणले असं सांगत सुटायच्या आणि मला दरवेळी संकोच व्हायचा. मी आणले ते उडून गेले. राहिले ते तुमच्या भावाच्या कबुतरांमुळे.

दुसऱ्या खेपेला आपण झाडांवर पाणी शिंपडून दिवे लागायच्या सुमारास टोपली उघडली. एकही उडाला नाही. ते पानांच्या खाली शिरले, आणि तुम्ही माझा हात दाबलात.

पण सकाळी झाडाखाली किडे उताणे पडलेले. मेले नव्हते, पाय हलवत होते. मी हार बाजूला ठेवून एका झाडापुढे बैठक मारली. एक किडा खोडावरून वर निघाला की काळ्या मुंग्या त्याच्यावर धावून जायच्या, चावायच्या, ढकलायच्या, आणि तो खाली पडायचा. मुंग्या खोडावरून रांगेने वर जात होत्या. वर जाऊन त्या माव्याला आपल्या मिशांनी हळूच थापटायच्या, की माव्याच्या मागून पाण्याचा एक थेंब यायचा. तो त्या प्यायच्या. गवळी म्हशीला पान्हवतो तसंच. त्या मावा राखत होत्या, चाची. त्यांची गुरं होती ती.

आणि झाडाझाडाशी इतक्या मुंग्या का, हे मला तेव्हाच कळलं.

दर शुक्रवारी, जुम्म्याला, तुम्ही पिठात साखर कालवून डबा घ्यायच्या आणि प्रत्येक गुलाबाच्या बुंध्याशी चिमूट चिमूट सोडत जायच्या. तोंडाने चाचांसाठी दुआ. त्या वेळी मी बागेत असले तर मान खाली घालून उभी राहायची. आमच्याकडेही मुंग्यांना साखर घालतात, पुण्य म्हणून. त्यात काही खोट आहे असं माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "गप्प बस. कुणाच्या मयताच्या गोष्टीत पडू नये." मलाही गप्पच बसायचं होतं. पण शिवरात्र जवळ येत होती, कळ्या चिकट व्हायला लागल्या होत्या आणि न बोलल्याने बाग जाणार होती. बोलल्याने तुम्ही जाल, एवढीच भीती. शेवटी हार करता करता खाली बघूनच मी बोलले.

"चाची, साखर दुसरीकडे टाकली तर?"

"कुठली साखर?"

"जुम्म्याची."

तुमचा हात थांबला. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं, मुंग्या, मावा, थेंब, गवळी. तुम्ही ऐकून घेतलंत.

"गवळी? मग दूध मला का नाय आणून देत?"

मला वाटलं तुम्ही हसलात. मी वर बघितलं तर तुमचा चेहरा मी कधी न बघितलेला.

"तो खाटेवर पडलेला होता तेव्हा ह्याच मुंग्या त्याच्या खाटेखाली यायच्या. म्हणायचा, जैनब, ह्यांना उपाशी ठेवू नको, ह्यांची दुआ लागते. आणि तू, काल आलेली, तू मला सांगतेस त्याच्या मुंग्या चोर हायत?"

"चोर नाही म्हणत मी, चाची."

"जा. घरी जा. हार मी करते."

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मी तुमच्याशी कधीच बोलले नाही. मी ट्रंक बाहेर काढली होती. ह्यांना म्हटलं, मला गावी पोचवा. भिंतीपलीकडे तुमच्या खुरप्याचा आवाज यायचा आणि मी कानात बोटं घालायची. तुम्ही काय करत होतात, काय विचार करत होतात, मला आजही ठाऊक नाही. विचारायचा धीर झाला नाही, आणि तुम्ही आपणहून सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या.

मग जुम्म्याच्या दुपारी भिंतीवरून हाक आली.

"ए दर्यावाली! मेलीस का?"

मी पदर सावरत आले. तुमच्या हातात तोच डबा. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "चूल झाडून सगळी राख आण, पाटी भरून." मी राख आणली. तुम्ही बागेच्या पार टोकाला, कुंपणाच्या बाभळीखाली गेलात, तिथे डबा पालथा केलात, आणि मोठ्याने, जणू चाचा विहिरीवर मोट हाकत असावेत अशा आवाजात, म्हणालात,

"अजी, ऐकलं का? तुमचे पाहुणे इकडे बसवलेत. जेवण तेच हाय. पंगत तेवढी हलवली."

मग आपण दोघींनी झाडाझाडाच्या बुंध्याभोवती राखेचं कडं घातलं. मातीला टेकलेल्या फांद्या छाटल्या. मध्येच म्हणालात, "हात धू. राखेचा हात डोळ्याला लावशील." तेवढ्यावर मी ट्रंक परत खाटेखाली ढकलली.

पुढचं काही चमत्कारासारखं झालं नाही. मुंग्या हळूहळू हटल्या. आपण पुन्हा दोनदा घासातून किडे आणले. काही शेंडे गेलेच, काही कळ्या वाकड्या उमलल्या. मग पानांवर काळे, काटेरी, लांबट किडे दिसायला लागले, असे कुरूप की अंगावर शहारा यावा. ही आता कुठली नवीन कीड? नेमके त्याच दिवशी करीमभाई आले. त्यांनी ते बघितलं आणि पायातलं पायताण काढून फांदीवर उगारलं.

"हात नको लावू!" तुम्ही अशा ओरडलात की ते दचकले. "पोरं हायत ती."

"कुणाची पोरं?"

"बुंदकीवालीची. लहानपणी तू काय लय गोरा होतास?"

मी तुमच्याकडे बघतच राहिले. तुम्हाला कसं कळलं? तेव्हा तुम्ही मला कोपऱ्यातल्या झाडापाशी नेलंत. तिथे एका फांदीवर मलमलीची पिशवी बांधलेली, मला पत्ता न लागू देता. आत पानाखाली पिवळ्या अंड्यांची टरफलं, तसलेच दोन काटेरी किडे, माव्याचा पार फडशा, आणि एका काळ्या कोषातून नुकताच बाहेर आलेला किडा, अजून ओला, फिकट, खुणा न उमटलेला. तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून तुम्ही माझं म्हणणं डोळ्यांनी तपासून घेतलं होतं. मला त्याचा राग आला नाही. एवढ्या लांबून आलेल्या, चौथीच शिकलेल्या बाईचं बोलणं कुणी इतकं मनावर घेऊन तपासलं असेल, असं माझ्या आयुष्यात झालेलं नव्हतं.

शिवरात्रीला फुलं नेहमीच्या निम्मीही नव्हती. पण स्वच्छ होती. दामूअण्णांनी एकेक पाटी नाकाशी धरली.

"चाची, आज पानपट्टी बंद वाटतं?"

"बंद. दुकानदार मेला."

पाट्या रिकाम्या परत आल्या. करीमभाई त्या बघून विंचूरला गेले, आणि पुढे कांद्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

आता ते भांडण. तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात की मुंग्या हलल्या त्या चाचांच्या दुआने. मी म्हणायची, साखर हलली म्हणून मुंग्या हलल्या. "मग साखर कुणी हलवली?" "तुम्ही." "मला बुद्धी कुणी दिली?" "मी!" "अगं जा, तुझ्यात बुद्धी असती तर दर्या सोडून हितं आली असतीस?" दर हिवाळ्यात, हार करताना, हेच. ह्यांना भिंतीपलीकडून वाटायचं आपलं खरंच वाजलंय.

आणि विहिरीकडच्या ओळीतलं ते पहिलं झाड. चाचांनी सगळ्यात आधी लावलेलं. त्याच्या बुंध्याशी तुम्ही दर जुम्म्याला चिमूटभर साखर सोडतच राहिलात. मी कितीदा म्हटलं, चाची, एका झाडामुळे सगळ्या ओळीला लागेल. "त्या एका झाडाचं मला नको सांगू." मी चिडायची. मावा दरवर्षी त्याच झाडावर आधी यायचा, आणि मी तो तुम्हाला बोट दाखवून दाखवायची, बघा, मी सांगत होते.

चाची, मागच्या हिवाळ्यात मला एक दिसलं. त्या झाडावर मावा लवकर यायचा म्हणून बुंदकीवालेही आपल्या बागेत लवकर यायचे. मुंग्या त्यांना त्या झाडावर टिकू देत नसत, मग ते शेजारच्या झाडांवर उतरत, तिथे अंडी घालत. बाकीच्या ओळीत मावा वाढेपर्यंत त्यांची पोरं तयार असायची. घासातून किडे आणायची गरजच आपल्याला उरली नव्हती, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? मावा पार नाहीसा केला असता तर ते आलेच नसते. ते झाड तसं होतं म्हणून बाकीची बाग टिकत होती.

तुम्ही बरोबर होतात. कारण तुमचं वेगळं होतं, पण झाडाबद्दल तुम्ही बरोबर होतात. हे मी तुम्हाला सांगणार होते. नीट खात्री करून, यंदाच्या हिवाळ्यात, तुमच्या समोर बसून, तुमचा चेहरा बघत. तुम्ही मला किती छळलं असतं! वर्षभर पुरलं असतं तुम्हाला. ते सुख मला तुम्हाला द्यायचं होतं, आणि तुम्ही थांबला नाहीत.

तुमच्या तिसऱ्या दिवसाची जियारत झाली त्या दुपारी करीमभाई बागेत आले. हेही माझ्याबरोबर होते. करीमभाई त्याच पहिल्या झाडापाशी उभे राहिले, डोळे लाल, हात मागे बांधलेले.

"भाभी, चाची होती तोवर ठीक होतं. आता हे कोण बघणार? काढून टाकतो म्हणतोय. विंचूरचा एक माणूस घालीन इथं, कांदा करील."

ह्यांनी माझ्याकडे बघून गप्प राहा अशी डोळ्यांनी खूण केली.

"हा हंगाम मला द्या, करीमभाई."

"तुम्हाला?"

"मला."

त्यांनी शेंड्यावर बोट ठेवलं. "हे आलंय की."

"येऊ द्या. ते आलं की त्याला खाणारे येतात. ह्याच झाडाच्या आजूबाजूला आधी येतात." आणि जे तुम्हाला सांगायचं होतं ते सगळं मी त्यांना सांगितलं. ते ऐकत होते की नाही, कळेना.

"आणि नाय आले तर?"

"तर शिवरात्रीनंतर तुम्ही झाडं काढा. कुदळ मी देईन."

त्यांनी शेंड्यावरचं बोट काढलं. मग विचारलं, "चाचीच्या नावानं मागताय?"

हो म्हटलं असतं तर त्यांना नाही म्हणता आलं नसतं. ते मला दिसत होतं. पण तुम्ही कुणाला असं कोंडीत पकडलेलं मी कधी बघितलं नाही.

"नाही," मी म्हणाले. "माझ्यासाठी मागते. मला इथे राहायचंय."

आमचे हे तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिले. करीमभाईंनी रुमालाने चेहरा पुसला.

"शिवरात्रीपर्यंत," ते म्हणाले, आणि मोटार गाठायला निघून गेले.

चाची, तुमची दुआ की माझी साखर, ते आता तुम्ही तिकडे चाचांना विचारून घ्या. मला मात्र तुमचे आभार मानायचे आहेत, आणि ते कशाकशाचे मानू ते कळत नाही. भिंतीवरून दिलेल्या पहिल्या शिवीचे, घागरीचे, त्या मलमलीच्या पिशवीचे, रागाने घरी पाठवलंत त्याचे आणि परत हाक मारलीत त्याचे.

भावंडं पांगली, गावी बाबा एकटे असतात. नाशकात आल्यापासून त्यांना दर पत्रात मी एकच लिहीत आले, की लवकरच आम्ही कायमचे घरी येऊ. काल रात्रीचं जेवण आटोपून पत्र लिहायला बसले तेव्हा ते वाक्य आलंच नाही. लिहिलं, बाबा, आता तुम्हीच इकडे या. शिवरात्रीला या. बाग बघायला. फुलं असतील.

लिहिलं आणि टाक पुन्हा शाईत बुडवला. शाई वाळेपर्यंत तशीच बसून राहिले. पण खोडलं नाही.